जागचं हलायचं न्हाय

(सुमनमावशी, अंगणवाडी मदतनीस, शेळगाव, तालुका इंदापूर. त्यांच्या ओसरीवर बसून ऐकलेलं.)

माझं म्हायेर नरसिंगपूरच्या अलीकडं, पार नदीच्या कडंला, आन सासर हितं शेळगावला. लगीन होऊन हितं आले तवा आई रडत व्हती, बहिनी रडत व्हत्या, आन मी मनात म्हनत व्हते, बरं झालं बया, नदीपासनं सुटले. कुनी म्हनंल काय ही पोरगी, म्हायेर सुटलं तर हिला बरं वाटतंय. पन मला पान्याचं भ्या व्हतं. पान्याचं, उंचीचं, गर्दीचं, इजंचं, कशाकशाचं म्हनून सांगू तुमाला. आमचं मालक हयात व्हते तवा म्हनायचे, सुमन, तुला भ्या वाटत न्हाय आशी एक तरी गोष्ट हाय का ह्या घरात? मी म्हनायची, हाय की, तुमी. त्येंला मात्र मी कदी भ्याले न्हाय.

तीस वर्सं झाली, मी अंगनवाडीत मदतनीस हाय. सेविकाबाई शिकवत्यात, मी खाऊ शिजवती, झाडून काढती, आन सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करून आनती. ते काम माझं खरं. जुन्या लुगड्याचं काठ पिळून मी एक दोरी केलीया, तिला हातहातभर अंतरावर गाठी, आन परत्येक पोरानं एक गाठ धरायची. दारात गेलं की मी वरडती, चला गं चला, दोरी धरा, आन आतनं पोर वरडत येतं, आले गं आले. पोरगं आसू दे न्हायतर पोरगी, आले गं आलेच म्हनायचं. मग डोस्क्यावर हात ठिवून मोजायची, घरनं निघताना एकदा, वड्यावर एकदा, दारात एकदा. मागं तपासनीला मॅडम आल्या, म्हनल्या, मावशी ही दोरी कशाला, मुलं काय जनावरं आहेत का? मी म्हनलं, मॅडम, जनावर चुकलं तर सांजच्याला दावनीला येतं, पोरगं येत न्हाय. तीस वर्सांत एक पोर हरवू दिलं न्हाय मी, ही फुशारकी न्हाय, हे भ्याच हाय माझं.

आता भ्या कशाचं ते सांगती, न्हायतर म्होरलं तुमाला कळायचं न्हाय.

मी दहा वर्सांची आसंन आन आमचा बाळू पाच वर्सांचा. माझा धाकला भाऊ. श्रावनातला शनवार, आई-दादा, दादा म्हंजी आमचे वडील, आमाला घिऊन देवाला गेलते नरसिंगपूरला. देवळात ही गर्दी, आई-दादा रांगंत, आन मला म्हनले बाळूला संबाळ. मी त्येला घिऊन भाईर आले, तर दारात कासारीन बसलीली, हिरव्या बांगड्या, लाल बांगड्या, आन ह्यो बाळू सारखा वढतोय, अक्का घरी चल, अक्का भूक लागली. मी काय केलं, त्येला घाटावर नेला, खालच्या पायरीवर बसवला, तितं नाव बांधायची लोखंडी कडी हाय दगडात, ती त्येच्या हातात दिली आन म्हनलं, ही धरून बस, जागचं हलायचं न्हाय, मी आलेच. आन गेले बांगड्या बघाय. किती येळ बघत व्हते देवाला ठाव. वर कुठंतरी पाऊस झाला आसंल, नदी चढाय लागली, आन मी परत घाटावर आले तवा ती पायरी दिसंना. बाळू छातीएवढ्या पान्यात उभा, कडी दोनी हातांनी धरलीली, आन माझ्याकडं बघतोय. दहा पायऱ्या व्हत्या आमच्यात. दहाच. आन काय सांगू तुमाला, माझा पाय उचलंना, माझ्या तोंडातनं आवाज फुटंना. मी नुस्ती उभी. एका नावाड्यानं बघितलं, त्येनं उडी टाकून काढला त्येला. गारठून निळा पडल्याला, दात वाजत्यात, आन मला म्हनतो, अक्का, मी हललो न्हाय.

तेवढ्यात दादा आले. त्येंला वाटलं ह्यो आपनहून पान्यात गेला. भ्यालेला बाप कसा आसतो तुमाला म्हाइती हाय, त्येंनी लेकराला उराशी धरायचं सोडून वल्या टावेलानं बडवला, कुनी सांगितलंवतं पान्यात जायाला, बोल, कुनी सांगितलंवतं? बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तो बी काय बोलला न्हाय, मी बी न्हाय. आन घरात आजतागायत हेच, की बाळू लहानपनी लई द्वाड, नदीत शिरला व्हता. पन्नास वर्सं झाली. तो आता पंचावन्न वर्सांचा बाप्या, नदीच्या कडंला ऱ्हातो आन बादलीनं आंघुळ करतो. आन मी त्या दिसापास्नं कुठल्याबी लेकराला हितंच थांब म्हनून सांगितलं न्हाय. माझ्या तोंडात ती भाषाच न्हाय. दोरी धर म्हनती मी, थांब म्हनत न्हाय.

आसो. आता टावरचं.

माझा ल्योक महेश, कांपुटरवाला, समुद्रापलीकडच्या एका शहरात ऱ्हातो. त्या शहराचं नाव घ्यायला माझी जीभ वळत न्हाय, तवा आपुन शहरच म्हनू. सून प्राजक्ता, बारामतीची, शिकलीली, गुनाची पोर. तिचं दुसरं बाळंतपन आलं, तिची आई गुडघ्यानं आजारी, म्हनून मला बलवलं. मी सेविकाबाईच्या हातात दोरी दिली, म्हनलं मोजल्याबिगर पाऊल टाकू नका, आन इमानात बसले. इमानाचं सांगत बसत न्हाय. मी डोळं मिटले ते उतारताना उघडले, शेजारच्या बाईनं मधी दोनदा माझी नाडी बघितली.

तितं माझी नात, चिमी. पाच वर्सांची होनार व्हती. मी घरात नुस्तं म्हनलं चला गं चला, की ही आतनं पळत यायची, आले गं आले. मी शिकवलंवतं. आन त्यांच्या खिडकीतनं त्यो टावर दिसायचा. आपल्या कारखान्याची चिमनी दिसती न्हवं, तशा धा एकावर एक उभ्या करा आन वर एक मोठी वाटी ठिवा, तसला. चिमी म्हनायची, आजी, माझ्या बर्थडेला आपण तिथं जाणार, तिथलं हॉटेल गोल फिरतं. मी महेशला म्हनलं, हाटेल फिरतं? मग गिऱ्हाइकं काय करत्यात? तो म्हनला, आई, गिऱ्हाइकं बी फिरत्यात. मी म्हनलं, मग मला भाकरी हितंच दे.

पन झालं आसं, चिमीच्या वाढदिसाच्या दोन दिस आधी प्राजक्ता बाळंत झाली, पोरगा झाला, बाळ जरा पिवळं दिसत व्हतं म्हनून दवाखान्यात ठिवून घेतलं. आमी भेटायला गेलो तर ती म्हनली, चिमीला वाईट वाटायला नको, तिला टॉवरवर घेऊन जा. आन माझा हात धरून म्हनली, आई, तुम्ही तिच्यासोबत आहात म्हणून मला काळजी नाही. बोलनारी बोलून गेली. मला काळजी न्हाय. ह्या वाक्याइतकं भ्या मला दुसऱ्या कशाचं वाटत न्हाय.

गेलो. खाली उभं ऱ्हाऊन वर बघितलं तर ढग पळत्यात का टावर पडतोय ते कळंना. लिफ्टमंदी शिरायच्या आधी मी माझ्या पदराचं टोक चिमीच्या फ्राकाच्या पट्ट्याला गाठ मारून बांधलं. महेश म्हनला, आई, लोक बघत्यात. मी म्हनलं, बघू दे. लिफ्ट वर निघाली, कान गच्च बसले, चिमी हासतीया, महेश आकडे मोजतोय, आन मी नरसिंगाला म्हनतीया, देवा, खांबातनं आलास तसा ह्या खांबात बी आसशीलच, संबाळ. वर काचच काच. लोक काचंला नाक लावून फोटो काढत्यात आन मी मागल्या भिताडाला पाठ लावून उभी.

तितनं आनी एक मजला वर, तितं हाटेल. आता नीट ऐका, हे कळाय पायजे. मधी गोल खोली, तिच्यात लिफ्ट, संडास-मोरी, सैपाकघर, ते सगळं जागेवर. तिच्या भवतीनं गोल अंगन, त्येच्यावर टेबलं-खुर्च्या, ते फिरनारं. दोन्हीच्या मधी फरशीत बोटभर पट्टी. आपलं जातं आसतं न्हवं, एक पाळ जागची हलत न्हाय आन दुसरी फिरती, तसंच. महेश म्हनला, आई, लई हळू फिरतं, तासाला एक फेरा, कळत बी न्हाय. मी म्हनलं, जात्याचं दान्याला ईचार. त्येनं माझा हात धरला, मी डोळं मिटून ती पट्टी वलांडली आन खुर्चीत बसले ती टेबल दोनी हातांनी धरून. काचंकडं एकदा बी बघितलं न्हाय. चिमी सांगतीया, आजी हिरवा डोंगर बघ, आजी पूल बघ, मी म्हनतीया व्हय व्हय बाई, छान हाय, आन बघतीया आपली मधल्या खोलीच्या भिताडाकडं, कारन ते तेवढं भुईवरचं वाटत व्हतं. हीच माझी चूक झाली.

केक आला, मेनबत्ती इझवली, आइसक्रीम आलं. मग महेशचा फोन वाजला, दवाखान्यातनं. बाळाला उजेडाखाली ठिवायचं का काय ते ईचारत व्हते, हितं ऐकू यिना, म्हनून तो लिफ्टच्या बाजूला गेला, मला हातानंच म्हनला आलोच. दवाखान्याचा फोन. त्यात ते हळूहळू सरकनं, कळत न्हाय म्हनत्यात पन माझ्या पोटाला कळत व्हतं. मळमळाय लागलं. मी चिमीला म्हनलं चल बाळा, माझ्यासंग चल, तर ती म्हनती, आजी, माझं आइसक्रीम वितळेल. मी वढलं तर रडाय लागली, वाढदिसाचं लेकरू. आन मला आता पुढच्या घडीला उलटी होनार. मोरीचं दार तवा समोरच आलंवतं, वीस पावलं बी न्हाईत. मी पदराची गाठ सोडली आन म्हनलं, आजी आलीच, जागचं हलायचं न्हाय.

तोंडातनं गेलं आन मीच दचकले. पन थांबाय सवड कुठं व्हती.

मोरीत जे झालं ते झालं. नळाला तोटी न्हाय, पानी यिना, मी नळाला नमस्कार करून बघितला. एक बाई आली, तिनं माझा हात धरून नळाखाली धरला तर आपूआप पानी. तिनं तोंड धुवाय मदत केली, मी भिताडाला टेकून बसले, डोळ्यापुढं काजवं. पंधरा मिंटं गेली आसतील, जास्तच. उठले, दार उघडलं.

समोर आमचं टेबल. तेच पांढरं कापड, त्याच खुर्च्या, तीच काच. आन त्येच्यावर एक गोरा म्हातारा आन म्हातारी बसून सूप प्यायलीत.

चिमी न्हाय.

मी दार बंद करून परत उघडलं. तुमी हासाल, पन मी खरंच तसं केलं. तेच म्हातारं. आता बसले व्हते तवा काचंतनं एकदा जरी मी भाईर बघितलं आसतं, डोंगर जाऊन पूल कसा म्होरं येतो ते, तर टेबल सरकलंय हे मला कळलं आसतं, पन मी बघितलंच नव्हतं न्हवं. मला वाटलं पोरीला कुनीतरी नेलं आन टेबल दुसऱ्याला दिलं. मला वाटलं काच उघडी आसंल. काय काय वाटलं ते मी बोलत न्हाय, वंगाळ आसतं बोलनं. भाषा यिना, महेश दिसंना, आन पुढं ती बोटभर पट्टी, हिकडची भुई थांबलीली, तिकडची निघालीली. आन माझा पाय उचलंना. तोंडातनं आवाज फुटंना. मी वळखलं की त्येला, तेच भ्या, त्या घाटावरचं. पन्नास वर्सं थांबलं व्हतं माझ्यासाठी.

एक डोस्क्याला रुमाल बांधल्याली पोरगी, वाढपी, जवळ आली, काहीतरी ईचारतीया. मी तिच्या तोंडाकडं बघतीया आन मला दिसतोय बाळू, निळा. मी म्हनलं, सुमे, तवा दहा पायऱ्या व्हत्या, आन आता बोटभर पट्टी हाय. आता तरी टाक पाय.

टाकला. डोळं उघडं ठिवून टाकला. आन कुठनं आवाज आला म्हाईत न्हाय, जी वरडले, चला गं चलाऽऽ, दोरी धराऽऽ! सगळ्या हाटेलातलं चमचं थांबलं. ती वाढपी पोरगी दोन पावलं मागं सरली. आन तिकडनं, वळनाच्या पल्याडनं, बारीक आवाज आला, आले गं आले.

आवाज आला पन पोरगी आली न्हाय. मी धावले, लोकांच्या खुर्च्या धरत, आदळत, साठ वर्सांची बाई. वळनाच्या पल्याड आमचं टेबल, केकचं ताट, आइसक्रीमचं नुस्तं पानी झाल्यालं, आन चिमी खुर्चीत ताठ बसलीली, दोनी हातांनी खुर्ची धरून. फ्राक वला. खुर्ची वली. खाली थेंब पडत व्हतं. मला म्हनली, आजी, मला शू आली होती, पण तू म्हणालीस हलायचं नाही. मी हलले नाही. दारच निघून गेलं.

तुमाला खरं सांगू का, माझा हात उठला. भ्यालेल्या मानसाचा हात आदी उठतो. दादांचाच हात त्यो. वरच्यावर ऱ्हायला, मी तसाच खाली आनला आन पोरीच्या डोस्क्यावर ठिवला, मोजताना ठिवती तसा. एक, म्हनलं. एकच व्हती, पन मोजली.

तेवढ्यात महेश आला. बाळ बरं हाय म्हनत हासत हासत आला, आन बघतो तर ह्यो पसारा, लोक बघत्यात, वाढपी पोरगी फडकं घिऊन उभी. त्येचं तोंड उतरलं. चिमीवर वरडला, एवढी मोठी झालीस, कळत नाही का, उठून आजीकडं जायचं, कुनी सांगितलं हितं बसून राहायला? आन चिमीनं माझ्याकडं बघितलं.

तीच नजर.

मी म्हनलं, मी. मी सांगितलंवतं. तिला एक शबूद बोलायचा न्हाय, महेश. चूक माझी हाय. पोरीनं ऐकलं माझं.

एवढंच बोलले आन मला जे रडू फुटलं ते आवरंना. महेश घाबरला, म्हनला, आई, अगं टेबल फिरलं एवढंच, कुनी हरवलं नव्हतं. त्येला काय सांगू. मी पोरीला वल्या फ्राकासकट मांडीवर घेतली, पदराखाली, आन लिफ्ट यायला येळ व्हता तोवर पैल्यांदा काचंतनं भाईर बघितलं. लई खोल व्हतं. भ्या वाटलं. पन बघत ऱ्हायले, म्हनलं आता कुठं काय हाय ते ध्यानात ठिवावं.

परत आले तवा पैलं म्हायेरी गेले. बाळू ट्राक्टर धूत व्हता. मी म्हनलं, पानी बंद कर, मला बोलायचंय. आन सगळं सांगितलं, टावरचं, चिमीचं, आन म्हनलं, बाळू, त्या दिशी मीच तुला बसवलं व्हतं, मार तू खाल्लास, आन मी गप बसले. तो म्हनला, अक्का, साठीची झालीस आन हे घिऊन बसलीस व्हय? मला ठाव हाय की, मीच न्हवं का बसलो व्हतो तितं. मी म्हनलं, मग दादांना का सांगितलं न्हाईस? म्हनला, तुला मारलं आसतं की.

पाच वर्सांचं लेकरू वो.

मी म्हनलं, पन मी आले न्हाय रं तुला काढाय, नुस्ती उभी व्हते. तो पायपाची नळी हातात धरून उगाच ट्राक्टरच्या चाकाकडं बघत व्हता. म्हनला, व्हय, उभी व्हतीस. दिसत व्हतीस म्हनून मी कडी सोडली न्हाय. पळून गेली आसतीस तर सोडली आसती. मग त्येनं नळी परत चालू केली. वैनीनं च्या आनला, तो पिऊन यश्टीनं हिकडं आले.

भ्या काय गेलं न्हाय माझं, खोटं कशाला बोलू. ते माझ्यासंगच जायचं. पन आता अंगनवाडीत एक नवीन शिकवलंय पोरांना. दोरी सुटली, कुनी दिसंना, पानी आलं, शू आली, कायबी झालं, तर गप बसायचं न्हाय. कुनी मोठ्या मानसानं सांगितलं आसलं तरी न्हाय. हाक मारायची, जोरात. मी रोज सराव घेती. पोरं आशी बोंबलत्यात की सेविकाबाईचं डोस्कं उठतं, म्हनत्यात, मावशी, पुरे की आता. मी म्हनती, बोंबलू द्या बाई. द्येवानं आवाज दिलाय, तो येळंवर निघू दे लेकरांचा, आन ऐकनाऱ्या तुमच्या लेकरांचा बी.